नाताळच्या भेटी: आधी आकडा, मग यादी

मुलांच्या नाताळच्या भेटीवर किती खर्च करायचा, हे बहुतेक घरांत दुकानात उभं राहून ठरतं. डिसेंबरचा तिसरा आठवडा, बाजारात चालायला जागा नाही, घरी येशूजन्माच्या गोठ्याचं काम अर्धवट पडलेलं, संध्याकाळी कॅरलची तालीम. अशा वेळी हातात आलेल्या खोक्यावरची किंमत हाच आपला खर्च होऊन बसतो. मग मुलगा शेजारच्या फडताळाकडे बोट दाखवतो आणि आकडा आणखी वर सरकतो. हा निर्णय घ्यायची ती जागाही नव्हे आणि ती वेळही नव्हे. तो घरात घ्यायचा, शक्यतो ऑक्टोबरच्या शेवटी, कागद-पेन घेऊन, नवराबायको दोघांनी बसून. आणि डिसेंबरचा पगार किती आहे यावरून तो ठरवायचा नाही. जानेवारीत घराला काय लागणार आहे, यावरून ठरवायचा. जानेवारीच्या कुठल्याही बिलाला हात न लावता जेवढे पैसे उरतात, तेवढीच भेटींची रक्कम. माझं सगळं म्हणणं या एका वाक्यात आहे, बाकी तपशील आहे. पण घर चालवताना अडतं ते तपशिलातच, म्हणून तो सविस्तर सांगते.

महाराष्ट्रातल्या ख्रिस्ती घरांची एक वेगळी अडचण आहे आणि तिच्याबद्दल कुणी फारसं बोलत नाही. आपल्याकडे बोनस दिवाळीला मिळतो. कायद्याने किमान ८.३३ टक्के ठरलेला हा पैसा बहुतेक कारखान्यांत, कार्यालयांत ऑक्टोबर-नोव्हेंबरात हातात पडतो. दिवाळी आणि नाताळ यांच्यात सहा ते दहा आठवडे असतात. तेवढ्यात घराची रंगरंगोटी होते, जुना फ्रिज बदलला जातो, कुणाचं लग्न निघतं, आणि नाताळाआधीच्या आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी वेदीवर पहिली मेणबत्ती लागते तेव्हा बोनस संपलेला असतो. मग सण साध्या पगारावर साजरा करायचा आणि कमी पडलं की उसनवारी करायची, हे अनेक घरांत वर्षानुवर्षं चाललेलं आहे. यावर उपाय एकच. बोनस खात्यावर जमा होईल त्याच दिवशी त्यातला नाताळचा वाटा वेगळ्या खात्यात टाकायचा. दुसऱ्या दिवसावर ढकललं की तो घरखर्चात मिसळलाच म्हणून समजा.

आकडा कसा काढायचा

नोव्हेंबर, डिसेंबर आणि जानेवारी हे तीन महिने एकत्र धरा. एकट्या डिसेंबरचा हिशेब फसवा असतो. दुसऱ्या सत्राची फी, विम्याचा हप्ता, लग्नसराईतले अहेर हे सगळं त्याच्या मागेपुढे उभं असतं आणि ते डिसेंबरच्या पानावर दिसत नाही.

एक काल्पनिक पण ओळखीचं वाटेल असं घर घेऊ. वसईमधलं. दोघं नवराबायको, दोन मुलं, सोबत आजी. हातात येणारे महिन्याचे ५२,००० रुपये, म्हणजे तीन महिन्यांचे १,५६,०००. दरमहा ठरलेला खर्च असा: घराचा हप्ता १४,०००, वाणसामान-दूध-भाजी-गॅस १४,५००, वीज आणि मोबाइल २,५००, लोकलचा पास आणि रिक्षा ३,५००, मुलांची शिकवणी आणि शाळेची गाडी ४,०००, आजीची औषधं २,०००, आणि आवर्त ठेव ४,०००. बेरीज ४४,५००. तीन महिन्यांचे १,३३,५०० झाले. उरले २२,५००.

आता याच तीन महिन्यांत एकदाच येणारे खर्च. दुसऱ्या सत्राची फी ७,०००, जानेवारीत विम्याचे ४,५००. उरले ११,०००.

आता भेटी सोडून नाताळचा बाकीचा खर्च. पाच माणसांचे कपडे काटकसरीने ४,०००. फराळ, केक आणि नाताळच्या दुपारचं जेवण २,५००. गोठा आणि दिवे ५००, चर्चचं दान ५००. हे ७,५०० झाले. उरले ३,५००. त्यातले १,००० रुपये आजारपणासाठी राखून ठेवा, कारण थंडीत एखादं मूल तापाने पडतंच.

भेटींसाठी राहिले २,५०० रुपये.

बावन्न हजार मिळवणारं घर आणि मुलांच्या भेटीला अडीच हजार, हे पाहून मन खट्टू होतं. तरीही या आकड्यावर विश्वास ठेवा, कारण तो खरा आहे. आपल्याला वाटत असतं की पाच-सहा हजार सहज निघतील. ते निघतातही, पण फीमधून, आवर्त ठेवीमधून किंवा क्रेडिट कार्डावरून. आकडा फारच लहान वाटला तर वरच्या ओळींकडे पुन्हा पाहा. यंदा मोठ्यांनी नवे कपडे घेतले नाहीत तर? नाताळचं जेवण तीन भावांनी मिळून एकाच घरी केलं तर? फराळ कमी प्रकारांचा केला तर? करंज्या आणि कुलकुल झाले, दोदोल राहून गेलं, तरी सण उणा पडत नाही. असे हजार-दीड हजार निघतात आणि ते आपल्याच ताटातून काढलेले असतात. आवर्त ठेव आणि औषधं या दोन ओळींना मात्र काहीही झालं तरी हात लावायचा नाही.

ज्यांची मिळकत ठरावीक नाही, म्हणजे रिक्षा चालवणारे, मासळी विकणाऱ्या, शिवणकाम किंवा केकच्या ऑर्डरी घेणाऱ्या बायका, त्यांनी गेल्या वर्षीच्या याच तीन महिन्यांतला सगळ्यात कमी मिळकतीचा महिना धरावा आणि तीनही महिने तसेच जातील असं समजून हिशेब करावा. डिसेंबरात केकच्या ऑर्डरी वाढल्या तर वरचा पैसा जानेवारीत हातात राहील. आधीच वाढीव धरला तर मैदा आणि लोणी यांची उधारीच भेटींच्या पैशातून फेडावी लागते.

या रकमेत कोण कोण

अडीच हजार हे फक्त आपल्या दोन मुलांचे नाहीत. भाचरं असतात, पुतणे असतात, आणि ज्यांच्या बाप्तिस्म्याला आपण धर्मपिता किंवा धर्ममाता म्हणून उभे राहिलो ती मुलं असतात. त्या मुलांना विसरणं बरं दिसत नाही, आणि ते बरोबरच आहे. पण विसरायचं नाही म्हणजे महागडं द्यायचं असं नव्हे. सगळ्यांची नावं कागदावर लिहा. आधी बाहेरच्या मुलांची रक्कम काढा आणि मग आपल्या मुलांची ठरवा. उलट क्रमाने केलं की बाहेरच्या भेटी शेवटच्या दिवशी घाईत, जे मिळेल ते घेऊन उरकल्या जातात आणि महागही पडतात.

भावंडं पुष्कळ असतील तर नोव्हेंबरातच सगळ्यांशी बोलून घ्या. घरात जो सगळ्यात कमी कमावतो, त्याला हा विषय काढता येत नाही. म्हणून तो काढायची जबाबदारी ज्याची स्थिती बरी आहे त्याची. मोठ्या भावाने किंवा वहिनीने म्हणावं, ‘‘यंदा मुलांच्या चिठ्ठ्या टाकू या. प्रत्येक घराने एकाच मुलाला द्यायचं, तीनशे रुपयांच्या आत.’’ सगळे खुशीने तयार होतात, कारण ज्याने त्याने मनातल्या मनात हेच म्हटलेलं असतं.

आखातात किंवा परदेशात असलेल्या काका-मामांचं प्रेम मोठं असतं आणि सामानाची बॅगही मोठी असते. त्यांनी टॅब आणला की आपल्या नऊशे रुपयांच्या भेटीचं काय होणार, ही भीती खरी आहे. त्यांना आधीच फोन करा. मुलाला काय हवंय ते सांगा आणि शक्य असेल तर मोठी वस्तू दोघांत मिळून घ्या. ‘‘दादा, सायकल घ्यायची आहे, निम्मे तू घाल,’’ असं म्हणण्यात कमीपणा नाही. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ जोएल वॉल्डफोगेल यांनी १९९३ साली नाताळच्या भेटींवर एक निबंध लिहिला. येल विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांना विचारून त्यांनी काढलेला निष्कर्ष असा होता, की भेट घेणाऱ्याच्या दृष्टीने वस्तूचं मोल तिच्या किमतीपेक्षा एक दशांश ते एक तृतीयांश इतकं कमी असतं. म्हणजे हजाराची वस्तू मिळालेल्याला ती सातशे ते नऊशेची वाटते. देणारा नात्याने जितका लांबचा, तितकी ही तूट जास्त. ते विद्यार्थी मोठे होते, आपली मुलं लहान आहेत. पण लांबच्या माणसाला अंदाजाने खरेदी करू देण्यापेक्षा त्याला नेमकं सांगावं, हा धडा आपल्यालाही लागू पडतो.

दोन मुलांत वाटणी

रक्कम सारखी वाटायची की गरजेप्रमाणे? थोरली चौदा वर्षांची, धाकटा पाच वर्षांचा. तिला हवी असलेली बॅडमिंटनची रॅकेट बाराशेची, त्याला हवी असलेली लाल बस दोनशेची. तेव्हा त्याच्यासाठी ओढूनताणून आणखी हजाराच्या वस्तू गोळा करायची गरज नाही. लहान मुलं पुडकी मोजतात, किंमत मोजत नाहीत. बस, रंगीत खडू आणि एक चित्रांचं पुस्तक अशी तीन पुडकी चारशेत होतात आणि त्याला आपण ताईपेक्षा श्रीमंत झाल्यासारखं वाटतं. सहावी-सातवीपासून मुलांना किमती कळू लागतात. भावंडांच्या वयात फार अंतर नसेल तर तिथे रक्कम जवळजवळ सारखी ठेवा, नाहीतर मनात सल राहतो. एका वर्षी एकाला मोठी वस्तू द्यावी लागली, तर तसं दोघांनाही उघडपणे सांगा आणि पुढच्या वर्षी दुसऱ्याची पाळी, हा शब्द पाळा.

दोन-अडीच वर्षांपर्यंतच्या बाळावर तर फारच थोडा खर्च करा. अमेरिकेतल्या टोलेडो विद्यापीठाचा २०१८ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे. दीड ते अडीच वर्षांच्या मुलांना एकदा चार खेळणी दिली आणि एकदा सोळा. चार असताना मुलं एकेका खेळण्याशी जास्त वेळ आणि जास्त तऱ्हांनी खेळली. या वयाच्या मुलाला सावंतवाडीच्या लाकडी फळांची एक परडी मिळाली तरी त्याचा जानेवारी मजेत जातो.

किती वस्तू द्यायच्या याचं मोजमाप हवं असेल तर ते गोठ्यातच आहे. पूर्वेकडून आलेल्या ज्ञानी लोकांनी बाळ येशूला सोनं, ऊद आणि गंधरस अर्पण केला, म्हणून काही घरांत मुलाला तीनच भेटी देतात: एक त्याच्या मनातली, एक उपयोगाची, एक वाचायची. मला ही पद्धत आवडते, कारण मर्यादा का आहे हे मुलाला समजावून सांगता येतं, आणि ते कारण त्याच्या समोर, गवतावर मांडलेलं असतं. तिसरी भेट ६ जानेवारीपर्यंत, म्हणजे या ज्ञानी लोकांच्या किंवा तीन राजांच्या सणापर्यंत, राखून ठेवता येते. स्पेनमध्ये मुलांना मुख्य भेटी त्याच दिवशी मिळतात, आणि गोव्यात रेईश मागुश, चांदोर, कासावली इथे त्या दिवशी तीन राजांचं फेस्त असतं. नाताळ झाल्यावर पुष्कळ दुकानांत भाव उतरतात, त्याचाही फायदा मिळतो.

मुलाची चिठ्ठी

आता मुलाला विचारायचं. आगमनकाळाच्या पहिल्या आठवड्यात त्याला काय हवंय त्याची चिठ्ठी लिहायला सांगा. मनात येतील त्या सगळ्या वस्तू त्याला लिहू द्या, काही खोडू नका, किंमतही काढू नका. चिठ्ठी बाजूला ठेवा आणि दोन आठवड्यांनी सहज बोलता बोलता पुन्हा विचारा. जाहिरात पाहून किंवा मित्राकडे बघून लिहिलेलं तेवढ्यात गळून पडतं. दोन्ही वेळा जे नाव निघतं, ते त्याला खरोखर हवं आहे. यासाठी पैसा लागत नाही, फक्त सुरुवात वेळेवर करावी लागते.

दहा-अकरा वर्षांच्या मुलाला रक्कम सांगावी, असं माझं स्पष्ट मत आहे. ‘‘आपल्याला परवडत नाही’’ हे वाक्य मात्र टाळा. ते ऐकून मूल एकतर घाबरतं किंवा गप्प बसतं. असं म्हणा: ‘‘यंदा तुझ्या भेटीसाठी नऊशे रुपये ठेवलेत. यात काय घ्यायचं ते तू सांग. एक मोठी वस्तू, की दोन लहान?’’ मूल ज्या गांभीर्याने हा विचार करतं, ते पाहण्यासारखं असतं. ते दुकानात किमती वाचतं, ऑनलाइन शोधतं, आजीने दिलेले शंभर रुपये त्यात घालता येतील का ते विचारतं. घालू द्या. काही मुलं त्यातलेच पन्नास रुपये चर्चमध्ये गरिबांसाठी ठेवलेल्या पेटीत टाकायचे म्हणतात. तेही त्यांना करू द्या, आणि ते पन्नास रुपये भरून देऊ नका.

मागणी रकमेच्या फार पलीकडची असेल, म्हणजे पंधरा हजारांचा फोन, तर घोळ घालत राहू नका. नाही म्हणा, लवकर म्हणा आणि कारण सांगा. २० डिसेंबरला दिलेला नकार १ डिसेंबरच्या नकारापेक्षा फार लागतो, कारण मधले जवळजवळ तीन आठवडे मुलाने आशेवर काढलेले असतात.

सांताक्लॉजबद्दल एक कळकळीची विनंती. सांतावर विश्वास ठेवायच्या वयाची मुलं घरात असतील तर सांताची भेट नेहमी लहान ठेवा आणि मोठी भेट ‘आई-बाबांकडून’ म्हणून द्या. आपल्या मुलीला सांताने सायकल दिली आणि वर्गातल्या मैत्रिणीला, जिची आई चार घरची भांडी घासते तिला, त्याच सांताने एक फुगा दिला, तर ती मैत्रीण मनाशी काय समजूत करून घेईल? आपण कमी चांगल्या वागलो, असंच ना? संत निकोलस हे आजच्या तुर्कस्तानातल्या मायरा गावचे बिशप. ६ डिसेंबरला त्यांचा सण असतो. युरोपातल्या अनेक देशांत त्या सणाला मुलांच्या बुटांत मिठाई, सुकामेवा, संत्रं असलंच काहीतरी ठेवतात. सांता त्यांचाच वारसदार. त्याची झोळी हलकी असणं परंपरेला धरूनच आहे.

वस्तू घेताना

खोक्यावरची किंमत ही पूर्ण किंमत नसते. सायकल घेतली की कुलूप, पंप आणि हेल्मेट आलं. रिमोटच्या गाडीला सेल लागतात आणि ते आठवड्यात संपतात. टॅबला डेटा लागतो, खेळाच्या ॲपला दरमहा पैसे लागतात. वाद्य घेतलं की शिकवणी येते. वर्षभर ही वस्तू किती पैसे मागेल, ते आधी कागदावर लिहा आणि त्यातली पहिल्या महिन्याची रक्कम भेटीच्या रकमेतच धरा. मग बाराशेची गाडी नको वाटते आणि पाचशेचा कॅरम बरा वाटतो.

१ जानेवारी २०२१ पासून भारतात चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह बंधनकारक आहे. रस्त्यावरच्या ढिगातल्या पुष्कळ खेळण्यांवर ते नसतं. स्वस्त म्हणून घेताना निदान एवढं बघाच: तीन वर्षांखालच्या मुलासाठी सुटे होणारे लहान भाग नकोत, आणि बटणासारखे गोल चपटे सेल असलेलं खेळणं स्क्रूने बंद होणारं नसेल तर मुळीच घेऊ नका. ते सेल गिळले गेले तर काही तासांत अन्ननलिका भाजते. इथे शंभर रुपये वाचवायचे नाहीत. पैसे कमी असतील तर लहान पण चिन्ह असलेली वस्तू घ्या. आधी वापरलेली वस्तू द्यायला तर काहीच हरकत नाही. मावशीच्या मुलाची सायकल नवी ब्रेकपट्टी, नवी घंटा आणि रंगाचा एक हात देऊन उभी केली की मुलाला ती आपलीच वाटते.

ऑनलाइन मागवायचं असेल तर १५ डिसेंबरच्या आत मागवा आणि पावती जपा. उशीर झाला आणि वस्तू वेळेत आली नाही, तर २४ तारखेला दुकानातून दुसरी घ्यावी लागते आणि मग दोन्ही घरात येतात.

हप्त्यावर घेऊ नका

‘नो कॉस्ट ईएमआय’ नावाची सोय दुकानात आणि फोनवर समोर येते. रिझर्व्ह बँकेने २०१३ सालीच बँकांना बजावलं होतं, की शून्य टक्के व्याज अशी गोष्ट मुळात नसते. व्याज प्रक्रिया-शुल्काच्या रूपात किंवा सवलत काढून घेऊन वसूल होतं. क्रेडिट कार्डाचं बिल पूर्ण भरलं नाही तर पुष्कळ कार्डांवर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज लागतं. १२,००० रुपये थकले तर या दराने एका महिन्याचं व्याज ४२० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी ७५ रुपये ६० पैसे, म्हणजे जवळजवळ ४९६ रुपये. वरच्या हिशेबातल्या भेटींच्या रकमेतला पाचवा हिस्सा एका महिन्यात व्याजाला गेला, आणि त्या बदल्यात मुलाला काहीच मिळालं नाही. सोनं गहाण ठेवून किंवा ओळखीच्या सावकाराकडून घेऊन सण साजरा करणारी माणसंही आहेत. त्यांना कळकळीने सांगावंसं वाटतं: मुलाला भेट मिळाली नाही तर ते एक दिवस रडेल. घरातली कर्जावरून होणारी भांडणं मात्र ते वर्षभर ऐकत राहतं.

शाळेतला सांता, परदेशातला नाताळ

बालवाड्यांत आणि इंग्रजी शाळांत डिसेंबरात सूचना येते: मुलाच्या नावाची भेटवस्तू बांधून पाठवा, सांता वर्गात वाटेल. हे ख्रिस्ती आणि बिगरख्रिस्ती सगळ्याच पालकांना येतं. एकाचं पुडकं रिमोटच्या गाडीचं निघतं, दुसऱ्याचं पेन्सिलींचं, आणि सगळी मुलं ते बघत असतात. अशा वेळी वर्गशिक्षिकांना भेटून सुचवा, की शंभर रुपयांची मर्यादा घाला किंवा सगळ्यांसाठी एकच वस्तू शाळेनेच आणा. दोन-तीन पालक मिळून गेले की शाळा ऐकते. त्यांनाही तक्रारी नको असतात.

इंग्लंड-अमेरिकेत राहणाऱ्या मराठी घरांची गोष्ट निराळी. घरात दिवाळी होते, पण जानेवारीत शाळा सुरू झाल्यावर वर्गात विचारतात, तुला काय मिळालं? तिथे दोन्ही सणांची मिळून एकच रक्कम धरा आणि मोठी भेट कुठल्या सणाला, ते एकदाच ठरवून टाका. दिवाळीला मोठी दिली असेल तर नाताळला मोज्यात मावेल एवढंच. मुलाला सांगायला वाक्यही तयार द्या: ‘‘आमच्याकडे मोठी भेट दिवाळीला असते.’’ शिक्षकांसाठी वर्गणी, आगमनकाळाचं चॉकलेटचं कॅलेंडर, मित्रांच्या पार्ट्या हे छोटे खर्च तिथे मुख्य भेटीपेक्षा जास्त होतात, म्हणून तेही त्याच रकमेत मोजा.

पुढच्या नाताळासाठी

दरमहा ४०० रुपये, जानेवारी ते ऑक्टोबर, म्हणजे ४,००० रुपये आणि वर थोडं व्याज. यासाठी बँकेतली दहा महिन्यांची आवर्त ठेव सगळ्यात सोयीची. टपाल खात्याची आवर्त ठेव चांगली आहे, पण तिची मुदत पाच वर्षांची असते, तेव्हा या कामाला ती नको. हप्ता पगाराच्या दुसऱ्या दिवशी आपोआप कापला जाईल असं लिहून द्या.

आपल्याकडे बायका भिशी लावतात, आणि काही ठिकाणी नाताळासाठी खास भिशी असते. ओळखीच्या दहाजणींची, दरमहा एकीला उचलता येणारी भिशी ठीक आहे. पण एका माणसाकडे किंवा संस्थेकडे वर्षभर पैसे जमा करून डिसेंबरात एकदम घ्यायचे असतील तर सावध राहा. ब्रिटनमध्ये फेअरपॅक नावाची कंपनी होती. लोक तिच्याकडे वर्षभर थोडे थोडे पैसे भरायचे आणि नाताळाला खरेदीची व्हाउचर आणि खाऊच्या टोपल्या घ्यायचे. ऑक्टोबर २००६ मध्ये, सण तोंडावर असताना ती बुडाली आणि लाखभराहून अधिक लोकांची वर्षाची शिल्लक अडकली. त्यातली बहुतेक कष्टकरी घरं होती, आणि कर्ज नको म्हणूनच त्यांनी हा मार्ग धरला होता. भारतात बँकेतल्या ठेवीला, सहकारी बँकेतल्याही, प्रत्येक ठेवीदारामागे पाच लाख रुपयांपर्यंत विम्याचं संरक्षण आहे. पतपेढीतल्या ठेवीला ते नाही. पतपेढीतली माणसं ओळखीची असतात, गल्लीतली असतात, अडीअडचणीला धावून येतात, त्यामुळे तिथे खातं जरूर असू द्या. नाताळचे पैसे मात्र बँकेत ठेवा, आणि ठेवीची मुदत नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात संपेल अशी तारीख निवडा, म्हणजे आगमनकाळ सुरू व्हायच्या आत पैसे हातात असतील.